नेव्हिगेशनचा स्टिरिओ बदलण्याआधी त्याच्या पाठीमागे बघा

नमस्कार ताई,

तुमची अडचण मला जशी समजली तशी आधी सांगतो. गाडी हॅचबॅक, वर्ध्याची. साधारण तीन वर्षांपूर्वी बाहेरून बसवून घेतलेला नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ. समृद्धी महामार्गावरून संभाजीनगरला जाताना नकाशावरचा बाण मध्येच रस्ता सोडून शेतात शिरतो, दुपारी जास्तच. गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. स्क्रीन उजव्या काठाला बोट घेत नाही. दुकानदार म्हणतो, अख्खा सेट बदला. शिवाय बाबांचा एक जुना, काचेला चिकटवायचा नेव्हिगेटर डिकीत पडून आहे, त्याचं काय करायचं हेही तुम्ही विचारलंय.

इतक्यात बदलू नका. मी अठरा वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकलचं काम करतोय, पहिली नऊ चिपळूणला आणि पुढची नागपुरात. म्हणजे पावसाने मेलेले सेटही पाहिले आणि उन्हाने मेलेलेही. माझ्या टेबलावर येणाऱ्या सेटमध्ये खुद्द यंत्र बिघडलेलं फार कमी वेळा निघतं. बिघाड असतो त्याच्या पाठीमागे, म्हणजे वायरच्या जोडांत, अँटेनाच्या जागेत आणि कोंडलेल्या उष्णतेत. लोक निगा म्हणून रोज स्क्रीन पुसतात, आणि पाठीमागची बाजू बसवल्या दिवसापासून कुणी उघडलेलीच नसते.

आधी बाणाचं बघू. बाण भरकटण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि ती घरबसल्या ओळखता येतात. त्याच रस्त्यावर, त्याच जागी, सकाळी काय आणि दुपारी काय, दर वेळी बाण शेतात जात असेल तर नकाशा जुना आहे. फक्त दुपारी, गाडी उन्हात उभी राहून निघाल्यावर बाण मागे राहतो, झटके देत पुढे येतो, असं असेल तर यंत्र तापतंय. आणि कुठेही, कधीही, वेळकाळ न बघता बाण उडत असेल तर अँटेनाकडे बघायचं. तुमच्या लिहिण्यावरून मला यातली दोन कारणं एकत्र दिसतात, कदाचित तिन्हीही असतील.

नकाशाचं सोपं आहे. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर रस्ता जून २०२५ मध्ये. तुमच्या सेटमध्ये इंटरनेटशिवाय चालणारा, मेमरी कार्डावरचा नकाशा असेल, तर तो सेट बसवला त्याच्याही आधीचा असणार. त्या नकाशाला समृद्धी बहुधा माहीतच नाही. गाडी नव्या रस्त्यावर धावते आणि यंत्र जवळपासचा ओळखीचा रस्ता शोधून बाण त्यावर ओढून बसवायला बघतं. म्हणून बाण शेतात जातो, मग एखाद्या गावरस्त्यावर उडी मारतो, परत शेतात येतो. यात सेटचा दोष नाही. नकाशा अद्ययावत करा, नाहीतर फोनचं हॉटस्पॉट देऊन ऑनलाइन नकाशा चालवा, आणि निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या पट्ट्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, म्हणजे वाटेत रेंज गेली तरी खोळंबा होत नाही. जुन्या नकाशात नावंही जुनीच असतात. छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव टाकून काही सापडलं नाही तर औरंगाबाद, उस्मानाबाद टाकून बघा. अहिल्यानगरचंही तसंच.

मेमरी कार्डाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. सेट चालू असताना कार्ड कधीही ओढून काढू नका. कंपनीकडून नेव्हिगेशनसह आलेल्या बऱ्याच गाड्यांत नकाशाचं कार्ड त्या यंत्राशी बांधलेलं असतं. ते कार्ड गाणी भरायला म्हणून फॉरमॅट केलं की नकाशा गेला, आणि दुसऱ्या कार्डावर नक्कल करून तो चालत नाही. असं कार्ड हरवलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा मला काहीच करता येत नाही, नवीन कार्ड विकत घेणं एवढाच मार्ग उरतो.

आता अँटेना. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि तिथून येणारा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत कमालीचा क्षीण झालेला असतो. तो पकडायला सेटसोबत काडेपेटीपेक्षाही लहान, काळी, चौकोनी डबी येते. तिच्या आत चिनीमातीसारखी एक चपटी वडी असते आणि तळाला लोहचुंबक. या डबीला वरची आणि खालची बाजू आहे, हेच कित्येक बसवणाऱ्यांना माहीत नसतं. चुंबकाची बाजू खाली आणि गुळगुळीत बाजू आकाशाकडे हवी, डबी आडवी हवी आणि तिच्यावर धातू असता कामा नये. प्लास्टिक आणि साधी काच चालते.

प्रत्यक्षात काय होतं? फिटर घाईत असतो. वायर लांब आहे, डबी दिसायला नको, म्हणून तो ती सेटच्या मागे कोंबतो. तिथे वर सेटची पत्र्याची पेटी, खाली डॅशबोर्डची लोखंडी आडवी पट्टी. डबीला आकाश दिसतच नाही. तरीही सेट चालतो, कारण काचेवरून परावर्तित होऊन थोडाफार सिग्नल येतो. म्हणून तक्रार लगेच होत नाही. झाडाखालच्या रस्त्याला, उंच इमारतींमध्ये, घाटात बाण डगमगायला लागतो आणि दोष सेटवर जातो.

तपासायचं कसं? सेटमध्ये उपग्रहांच्या सिग्नलची ताकद दाखवणारं एखादं मोफत अॅप टाका. मोकळ्या मैदानात गाडी उभी करा आणि पाच मिनिटं थांबा. पडद्यावर उभ्या पट्ट्या दिसतील आणि प्रत्येकीवर आकडा असेल. आठ-दहा पट्ट्या ३५च्या वर असतील तर अँटेना उत्तम आहे. बहुतेक पट्ट्या २५च्या खाली लोळत असतील तर डबीची जागा चुकली आहे, किंवा वायर कुठेतरी दबली आहे. शेजारी तोच अॅप फोनवर चालवून बघा, फरक लगेच कळेल.

एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतो, कारण हे कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. इनोव्हा होती, पर्यटनाच्या धंद्यातली. मालकाचा सेट एकदा बदलून झाला होता, अँटेनाही नवीन टाकली होती, तरी लोकेशन सापडेना. मी पट्ट्या बघितल्या तर सगळ्या २०च्या आसपास. डबी बरोबर काचेखाली, बरोबर बाजूने बसवलेली. मग एकेक फ्यूज काढत गेलो. डॅशकॅमचा, म्हणजे काचेमागून रस्त्याचं चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याचा फ्यूज काढला आणि डोळ्यांदेखत पट्ट्या ३८वर गेल्या. डॅशकॅमला १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करून देणारा एक स्वस्त अडॅप्टर डॅशबोर्डखाली अँटेनाच्या अगदी शेजारी बांधला होता. असे हलके अडॅप्टर चालू असताना आजूबाजूला बारीक गोंगाट सोडतात, आणि त्यात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडून जातो. अँटेना दुसऱ्या टोकाला नेली, अडॅप्टर चांगल्या प्रतीचा लावला, काम संपलं. तुमच्या गाडीत डॅशकॅम असेल, किंवा सिगारेट लायटरच्या भोकात स्वस्तातला चार्जर असेल, तर तो काढून पट्ट्या आधी बघा. याला पैसाही लागत नाही.

समोरच्या काचेवर धातूचा अंश असलेली ऊन रोखणारी फिल्म असेल तर तीही सिग्नल अडवते, हे जाता जाता.

बोगद्याचंही विचारलं जातं. बाहेरून बसवलेला सेट बोगद्यात बाण थांबवतो किंवा अंदाजाने पुढे सरकवतो, आणि कंपनीचा सेट मात्र सुरळीत चालतो, असं का? कंपनीच्या सेटला बहुधा चाकाच्या वेगाची वायर जोडलेली असते आणि आत दिशा ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे आकाश दिसेनासं झालं तरी तो हिशोब चालू ठेवतो. बाहेरच्या सेटला ती सोय नसते, किंवा असली तरी फिटर ती वायर मोकळीच सोडतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या भाताण बोगद्यात बाण अडकला तर घाबरून जाऊ नका, बाहेर पडलात की तो जागेवर येतो.

दुपारचा त्रास म्हणजे उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत पारा ४५च्या वर असतो तेव्हा उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे सहज जातो. अशा गाडीत बसून किल्ली फिरवली की सेट त्या भट्टीतच चालू होतो. आतला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. नकाशा अडखळतो, बाण मागे राहतो, आवाजातली सूचना वळण गेल्यावर येते. तुम्हाला वाटतं लोकेशन चुकलं, पण लोकेशन बरोबर असतं, ते दाखवायला उशीर झालेला असतो. कधी स्क्रीनवर काळपट डाग पसरतो. थंड झाल्यावर तो गेला तर काळजी नाही, पण रोज असं होऊ दिलं तर एक दिवस तो डाग जात नाही.

म्हणून उन्हाळ्यात सवय लावा. आधी चारही काचा उतरवून गाडी दोन मिनिटं चालवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी, आणि त्यानंतर नेव्हिगेशन. गाडी उभी करताना समोरच्या काचेला चंदेरी सनशेड लावा. दीडदोनशे रुपयांची ती वस्तू स्टिरिओ, डॅशबोर्ड आणि सीट तिघांनाही वाचवते. जमेल तेव्हा गाडीचं तोंड सूर्याकडे करू नका.

आणि सेट एकदा बाहेर काढून पाठीमागे बघायला सांगा. पाठीला अॅल्युमिनियमच्या पात्यांचा गरमी बाहेर टाकणारा भाग असतो, काहींना छोटा पंखाही असतो. फिटर उरलेली सगळी वायर गुंडाळून नेमकी तिथेच दाबतो. मी असे सेट काढलेत की पात्यांच्या मधल्या फटीत तीन वर्षांची धूळ वाकळीसारखी बसलेली. ब्रशने आणि हलक्या हवेने साफ करा, वायरचा गुंडाळा बाजूला घेऊन पट्टीने बांधा. एवढ्यानेच कित्येक सेटचा दुपारचा अडखळा जातो.

आता बॅटरी, ज्याची मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी वाटते. सेटला दोन वीजवायर असतात. पिवळी कायम बॅटरीला, सेटिंग आणि घड्याळ जपायला. लाल किल्लीच्या मागे, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच तिला वीज. काळी अर्थिंगची. घाईतला फिटर किल्लीमागची वायर शोधत बसत नाही, पिवळी आणि लाल एकत्र पिळतो. मग किल्ली काढली तरी सेट जागाच राहतो. तुम्ही बटण दाबून स्क्रीन काळी करता, पण आत यंत्र चालू असतं. काही सेटमध्ये लवकर चालू होण्यासाठी झोपेची एक सेटिंग असते, तीही थोडी थोडी वीज खात राहते.

हिशोब करून बघा. सगळं बंद असताना सेट २०० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला ४.८ अँपिअर-तास गेले. पाच दिवसांत २४. तुमच्या गाडीला ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर दोन तृतीयांश रिकामी झाली, सेल्फ मारायला जोर राहिला नाही. नवीन बॅटरी टाकली तरी तेच होणार, आणि अशी वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी लवकर खराबही होते.

कुठल्याही चांगल्या इलेक्ट्रिशियनला सांगा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची वायर यांच्या मध्ये मीटर लावून सांडणारी वीज मोजून दे. किल्ली काढून, दारं लॉक करून अर्धा तास थांबायचं, कारण गाडीचे कंप्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर लावलेला असताना गाडी सुरू करायची नाही, नाहीतर मीटर जळतो. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर स्टिरिओचा फ्यूज काढून परत मोजायचं. आकडा धाडकन खाली आला तर चोर सापडला.

जोडही बघून घ्या. वायर पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असेल तर आपल्या उन्हात त्या टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते आणि तांबं उघडं पडतं. सोल्डर करून वर आकसणारी स्लीव्ह घाला, नाहीतर तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी मिळणारा तयार कपलर वापरा, ज्यात कंपनीची वायर कापावीच लागत नाही. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा टाका. त्या जागी तांब्याची तार घालणं म्हणजे आगीला आमंत्रण. आणि दुसऱ्याच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची वेळ आली तर आधी स्टिरिओचा फ्यूज काढून ठेवा. उलटसुलट क्लिप लागली किंवा झटका बसला तर सेटला सर्वात आधी फटका बसतो.

उजव्या काठाचा टच. स्क्रीन गेली असं लगेच समजू नका. सेटच्या भोवती प्लास्टिकची जी चौकट बसवलेली असते ती उन्हाने वाकते आणि काचेला काठावर दाबून धरते. तो दाब सतत राहिला की त्या पट्टीत बोट लागत नाही, किंवा आपोआप बटणं दाबली जातात. चौकट काढून टच तपासा. व्यवस्थित चालला तर चौकटीच्या आतल्या कडा कानशीने किंचित घासून परत बसवा. चौकट काढूनही लागत नसेल तर टचची काच बदलावी लागेल, आणि बऱ्याच मॉडेलची ती सुटी मिळते, अख्खा सेट घ्यावा लागत नाही.

दुसरं कारण पॉलिश. धुलाई केंद्रावरची मुलं डॅशबोर्डवर चमकवायचं सिलिकॉनचं फवारतात, ते स्क्रीनच्या फटीतून आत झिरपतं. त्यांना आधीच सांगा, स्टिरिओला हात लावू नका. स्क्रीन पुसायला मऊ मायक्रोफायबरचं कापड, अगदी गरज पडली तर पाण्याने किंचित ओलं केलेलं, तेही स्क्रीन बंद असताना. काच पुसायचं निळं द्रव, सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल यातलं काहीही नको, त्यांनी वरचा थर निघून जातो. घरातून फडका नेऊन धुळीवर रगडला तर बारीक वाळूचे ओरखडे उठतात. आधी धूळ मऊ ब्रशने झाडा, मग पुसा.

पावसाळ्यात कोकणाकडे जाणं होत असेल तर ओल हा वेगळा शत्रू आहे. चिपळूणला माझ्याकडे पावसात आलेल्या सेटमध्ये पाणी वरून पडलेलं क्वचित असायचं. समोरच्या काचेचा जुना रबर, छतावरच्या एरियलचं भोक किंवा एसीचं तुंबलेलं पाणी, यातून ते आत यायचं आणि कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढायचा. पायाखालचा गालिचा ओला लागला की तेव्हाच तपासा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास चालवा. आणि उंदीर. डॅशबोर्डखालची अँटेनाची बारीक वायर ते हमखास कुरतडतात. गाडीत शेंगदाण्याचा, बिस्किटाचा चुरा राहू देऊ नका.

बाबांचा जुना नेव्हिगेटर डिकीतून आजच्या आज बाहेर काढा. त्याच्या आत लिथियमची बॅटरी आहे, आणि उन्हात तापलेली डिकी तिच्यासाठी सर्वात वाईट जागा आहे. तो सपाट टेबलावर पाठीवर ठेवून बघा. डुगडुगला, किंवा मागच्या झाकणाच्या फटीत नख शिरलं, तर बॅटरी पुरीसारखी फुगली आहे. मग तो चार्जही करू नका, टोचूही नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुगलेली नसेल तर अर्धा चार्ज करून घरात, थंड कपाटात ठेवा आणि तीन महिन्यांनी परत अर्धा करा. चालू केल्यावर तारीख वीस वर्षं मागची दिसली तरी यंत्र बिघडलंय असं समजू नका. जीपीएसमध्ये आठवड्यांचा आकडा १०२३पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ला तो फिरला तेव्हा ज्या जुन्या यंत्रांना नवं सॉफ्टवेअर मिळालं नाही, त्यांची तारीख जवळपास १९ वर्षं ७ महिने मागे गेली. जागा ती तरीही बरोबर दाखवू शकतात, पोचण्याची वेळ मात्र भरवशाची नाही. इतके दिवस बंद असल्याने पहिल्यांदा त्याला मोकळ्या आकाशाखाली, न हलवता, पंधरा मिनिटं द्या. उपग्रहांची पूर्ण यादी उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात.

तो काचेला लावायचा झाला तर काच आधी नीट पुसून कोरडी करा. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका, अपघातात ते थेट तोंडावर येतं. फोन वापरत असाल तरी हेच. १ ऑक्टोबर २०२०पासूनच्या नियमाप्रमाणे गाडी चालवताना हातातलं यंत्र फक्त रस्ता शोधायला वापरता येतं, तेही लक्ष विचलित न होता. म्हणून पत्ता निघण्याआधी, नाहीतर गाडी बाजूला थांबवूनच टाका.

आता करायचं कसं ते सांगतो. या रविवारी मैदानात नेऊन सिग्नलच्या पट्ट्या बघा, एकदा सगळे चार्जर लावून आणि एकदा काढून. सोमवारी इलेक्ट्रिशियनकडून सांडणारी वीज मोजून घ्या, आणि तेव्हाच चौकट काढून काठाचा टच बघायला सांगा. त्याला सेट ओढून पाठीमागचा फोटोही काढायला लावा, वायरचे रंग स्पष्ट दिसतील असा. पट्ट्यांचे आकडे, मीटरचा आकडा आणि तो फोटो पाठवा. पिवळी-लाल एकत्र असतील तर कुठली वायर कुठे न्यायची ते मी तुमच्या मॉडेलप्रमाणे सांगतो.